'राइड लोनसम' (१९५९): ७३ मिनिटांचा हा काउबॉयपट डोक्यातून जात का नाहीये?

रिकामा_डबा

नमस्कार मंडळी, धागा नेमका कुठल्या विभागात टाकायचा कळेना म्हणून इथेच टाकतोय, चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं गेल्या महिन्यात. वय ७४. पट्टी निघाल्यापासून एकच टकळी, आता स्वच्छ दिसतंय तर काहीतरी बघण्यासारखं लाव. काय लावू विचारलं तर म्हणाले, तो झाड जाळतो तो लाव. कोण झाड जाळतो? तर तो काउबॉय रे, शेवटी झाड जाळतो आणि निघून जातो. बास, एवढीच माहिती. नाव नाही, हिरो कोण ते नाही, "उंच होता आणि फारसा बोलत नव्हता" म्हणे, आता यात निम्मे काउबॉय बसतात. कॉलेजात असताना पुण्यात कॅम्पातल्या एका थेटरात रविवारी सकाळच्या इंग्रजी खेळाला पाहिला होता. त्या दिवशी कोणाची सायकल नेली होती आणि येताना कुठे पंक्चर झाली हे सगळं आठवतंय, सिनेमाचं नाव तेवढं नाही.

दोन संध्याकाळी घालवल्या आणि सापडला. 'राइड लोनसम', दिग्दर्शक बड बेटिकर (हे आडनाव रोमनमध्ये वाचायला गेलात तर जीभ अडकते, उच्चार मात्र बेटिकर असा सरळ आहे), हिरो रँडॉल्फ स्कॉट. बाबांना दाखवायच्या आधी तोच आहे का बघावं म्हणून रात्री एकट्यानेच लावला. आणि खरं सांगतो, संपल्यावर वाटलं की ह्यात आहे काय? मोजून पाच माणसं, त्यांचे घोडे, सगळीकडे दगडच दगड, गाव असं एकदाही दिसत नाही, दारूचा गुत्ता नाही, बाजार नाही, ७३ मिनिटांत खेळ खल्लास. आपल्याकडे एवढ्या वेळात मध्यंतर पण होत नाही.

पण मग दुसऱ्या दिवशी ऑफिसात कामात लक्षच नाही. ते चारपाच जण एका ओळीत घोड्यावरून चाललेत आणि बोलतायत, ते डोळ्यासमोरून जाईना. तिसऱ्या दिवशी परत लावला अर्धा. आता मला सांगा, स्वस्तातला सिनेमा, गोष्ट दोन ओळींत सांगता येईल अशी, मग हे काय होतंय? वेस्टर्नबद्दल मला शष्प कळत नाही, लहानपणी बाबांची लुई लामूरची (काउबॉय कादंबऱ्या लिहायचा तो) पॉकेटबुकं चाळली तेवढंच.

आणि दुसरा प्रश्न. बाबा शपथेवर सांगतायत की झाड जाळून तो घोड्यावर बसून निघून जातो. मी पाहिला त्यात तो जात नाही, तिथेच उभा राहतो आणि सिनेमा संपतो. याची वेगळी कॉपी वगैरे होती का? की बाबा दोन सिनेमे मिक्स करतायत?

---

आडवाटेचा_उतारू

वा वा, इथे कोणी बेटिकरचं नाव काढेल असं वाटलं नव्हतं. बस, चहा ठेवतो. स्पॉयलर आहेत, पाहायचा असेल त्यांनी इथूनच परत फिरा.

तुला जे होतंय त्याचं कारण माझ्या मते एकच आहे आणि ते पहिल्यांदा बघताना लक्षात येत नाही, दुसऱ्यांदा येतं. तो हळू चाललाय.

गोष्ट काय आहे बघ. ब्रिगेड नावाचा एक इनामावर गुन्हेगार पकडणारा माणूस, म्हणजे स्कॉट, बिली नावाच्या एका पोरट्या खुन्याला पकडतो आणि सांताक्रूझला फाशी द्यायला घेऊन निघतो. बिलीचा मोठा भाऊ फ्रँक (ली व्हॅन क्लीफ, हा पुढे स्पॅगेटी वेस्टर्नमध्ये, म्हणजे इटालियन लोकांनी काढलेल्या काउबॉयपटांत, केवढा मोठा झाला ते सांगायला नको) टोळी घेऊन मागे लागलाय. वाटेत घोडागाडीच्या एका ठाण्यावर बून आणि व्हिट हे दोघे भेटतात, दोघेही गुन्हेगारच, पण सरकारने जाहीर केलंय की बिलीला जो आणून देईल त्याचे जुने गुन्हे माफ. म्हणजे त्यांनाही बिली हवाय. शिवाय ते ठाणं चालवणाऱ्याची बायको. झाले पाच.

आता मागे टोळी लागलीय म्हटल्यावर माणूस काय करेल? घोडे पळवेल, खडकाळ वाटेने जाईल, माग पुसेल, रात्रीचा प्रवास करेल. हा काय करतो? उघड्या माळावरून दिवसाढवळ्या आरामात चालतो. दुपारी थांबतो. कॉफी करतो. प्रेक्षक म्हणून आपण काय समजतो, की पैसे नव्हते म्हणून असं निवांत शूट केलंय, पाठलाग दाखवायची ऐपत नाही बिचाऱ्यांची. आणि मग बूनच्या लक्षात येतं की अरे हा माणूस मुद्दाम हळू चाललाय! त्याला बिली नकोच आहे. बिली नुसता आमिष आहे, त्याला भाऊ हवाय. पूर्वी ब्रिगेड शेरीफ होता, त्याने फ्रँकला तुरुंगात टाकलं होतं, सुटून आल्यावर फ्रँकने याच्या बायकोला पळवून नेऊन एका झाडाला फाशी दिलं. आणि हा सगळ्यांना घेऊन त्याच झाडाकडे चाललाय.

म्हणजे जे आपल्याला बजेटची लंगडी बाजू वाटत होतं तोच प्लॉट निघतो. अशी चलाखी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पटकथा बर्ट केनेडीची, त्याचं लिखाण असंच, कोणी कोणाला काही समजावून सांगत नाही.

आणि फ्रँकचा तो सीन परत बघ. त्यालाही कोडं पडलेलं असतं की ब्रिगेड असा उघड्यावरून का जातोय. मग एकदम उजेड पडतो, आणि तो म्हणतो साधारण असं की मी एकदा त्याचं वाईट केलं होतं, इतकं जुनं झालं की विसरलोच होतो जवळजवळ. बस. व्हिलनचं भाषण नाही, हसणं नाही. एकाच्या आयुष्याची राख झाली आणि ज्याने केली त्याच्या ते ध्यानात पण नाही. मला दरवेळी इथे गार पडायला होतं.

तुला घोड्यावरचे जे सीन आठवतायत ते सिनेमास्कोपचे. आडवा लांबलचक पडदा, त्यात दोघंतिघं शेजारी शेजारी चाललेत, कॅमेरा त्यांच्यासमोर मागे सरकत चाललाय आणि कट नाही, बराच वेळ नाही. कट कमी म्हणजे सेटअप कमी, म्हणजे खर्च कमी, पण त्याचा परिणाम असा होतो की तूसुद्धा त्यांच्याबरोबर चालतोयस. कोण कोणाच्या किती जवळ घोडा ठेवतोय त्यावरून कळतं कोणाच्या मनात काय आहे.

---

चकली_आणि_चहा

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. हा प्रकार कुठे बघायला मिळतो?

---

आडवाटेचा_उतारू

@चकली, बेटिकर आणि स्कॉट जोडीच्या या सिनेमांच्या डिस्क निघाल्यात, तिकडून कोणी येणार असेल तर मागव. एकूण सात आहेत, १९५६ ते १९६० मधले. पहिला जॉन वेनच्या कंपनीने काढला होता, वेन स्वतः दुसऱ्या सिनेमात अडकला म्हणून त्याने स्कॉटचं नाव सुचवलं, आणि त्यातून ही जोडी जमली. सातही सारखे भारी नाहीत हां, दोनतीन सोडले तरी चालतील.

---

जुना_ऑपरेटर

रिकामा_डबा यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक माझ्याकडे आहे. मी प्रोजेक्शन केबिनमध्ये बावीस वर्षं काढली, गावाचं नाव सांगत नाही, थेटर आता राहिलेलं नाही, तिथे लग्नाचं कार्यालय आहे.

तुमचे वडील चूक नाहीत आणि बरोबरही नाहीत. त्यांनी शेवट पाहिलाच नसणार. सांगतो कसा.

७३ मिनिटं म्हणजे सात रिळं, हजार फुटांचं एक रीळ धरलं तर. आमच्याकडे हिंदी सिनेमा सोळा-सतरा रिळांचा यायचा त्यामुळे असला इंग्रजी सिनेमा लागला की आम्ही खूष, सकाळचा खेळ साडेदहाला सुरू करून न्यूजरील, जाहिराती, मध्यंतर सगळं धरून बाराला कुलूप. पण ह्या मॅटिनीच्या प्रिंटा कशा यायच्या? दहाबारा वर्षं जुन्या, गावोगाव फिरून आलेल्या. पडद्यावर सतत पाऊस पडतोय असं वाटायचं इतके ओरखडे. आणि फिल्म सगळ्यात जास्त खराब कुठे होते तर रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटाला, कारण तिथेच हात लागतो, तिथेच ती मशीनमध्ये घालताना काढताना फाटते. फाटली की दोन फ्रेम कापायच्या, सिमेंट (फिल्म चिकटवायचं द्रावण) लावायचं, जोडायचं. पुढच्या गावी पुन्हा फाटली की पुन्हा चार फ्रेम. दहा वर्षांनी रिळाच्या टोकाची आठदहा सेकंद सहज गायब. शेवटच्या रिळाचं शेवटचं टोक म्हणजे तर विचारूच नका. त्यातून "द एंड" येणार असं दिसलं की डोअरकीपर दार उघडून मोकळा, उजेड आत, पब्लिक उठून उभं, पुढच्याचं डोकं मागच्याच्या पडद्यात.

तेव्हा झाड पेटलं एवढं त्यांनी पाहिलं, आणि पुढचं मनानेच जोडलं. काउबॉय शेवटी निघून जातोच ना, दुसरं काय करणार. मी स्वतः कितीतरी सिनेमांचे शेवट असे मनाचे पाहिलेत.

अजून एक. सिनेमास्कोपची गंमत तुम्ही आता टीव्हीवर बघताय त्यात येणार नाही. ती चित्रं फिल्मवर आडवी दाबून घेतलेली असतात, माणसं काठीसारखी उभट, आणि आम्ही प्रोजेक्टरला पुढे एक वेगळी लेन्स चढवली की ती पडद्यावर पसरून बरोबर होतात. जाहिराती साध्या लेन्सवर चालायच्या, मग लेन्स बदलायची. एकदा मी चहा पिता पिता विसरलो आणि अख्खा घोडा जिराफासारखा लांबट झाला, खाली शिट्ट्यांचा कल्लोळ, मालक धावत वर. पण लेन्स बसली आणि पडदा दोन्हीकडून सरकून रुंद झाला की थेटरात जो एक श्वास ऐकू यायचा ना, अहाहा. ते डोंगर एकदम दोन्ही बाजूला पसरायचे. कमी पैशातला सिनेमा असो नाहीतर जास्तीतला, डोंगराला काही पैसे पडत नाहीत.

---

रिकामा_डबा

@जुना_ऑपरेटर, दंडवत. हे मी बाबांना वाचून दाखवणार आहे, फक्त तुम्ही त्यांची बाजू निम्मीच घेतलीत म्हणून भडकणार ते.

---

तिखटमीठ

मी पाहिलाय हा, नवऱ्याच्या नादाने, आणि इथे सगळे आरत्या ओवाळतायत म्हणून थोडं मीठ टाकते. हलके घ्या.

तो ठाण्यावरच्या बाईचा सीन आठवतोय का? कॅरी लेन तिचं नाव, कॅरन स्टीलने केलीय. तिचा नवरा हरवलेले घोडे शोधायला गेलाय आणि परत आलेला नाही. वाटेत मेस्कालेरो इंडियन्स येतात आणि म्हणतात ही बाई द्या आणि त्याबदल्यात हा घोडा घ्या. आणि ती घोडा ओळखते, तिच्या नवऱ्याचा असतो. म्हणजे तिथल्या तिथे तिला कळतं की नवरा मेला. केवढा जबरदस्त क्षण! कोणी सांगत नाही, कोणी पत्र आणत नाही, घोडा बघून कळतं. पण त्यानंतर? थोडं रडते, आणि मग तिच्याकडे वाटेल तसं बघत आणि तिच्याबद्दल वाटेल ते बोलत बून आणि व्हिट चाललेत, कॅमेरा पण त्यांच्याच बाजूने बघतोय, तिचा ब्लाउज बघा कसा शिवलाय, त्या जमान्यात वाळवंटात ठाणं चालवणारी बाई असा घालेल का.

आणि ते मेस्कालेरो. मेस्कालेरो अपाचे हे न्यू मेक्सिकोतले लोक, खरेखुरे, आजही आहेत, त्यांची भाषा आहे. इथे ते दगडामागून येतात, घोडा विकतात, पाठलाग करतात, मरतात. कुणाला नाव नाही, त्यांना काय हवंय का हवंय काही नाही. बघा ना, बूनसारख्या दरोडेखोराला चांगली पाचसहा पानं संवाद, त्याची स्वप्नं काय तर म्हणे जमिनीचा तुकडा आहे, तिथे गुरं पाळायचीत. व्हिलनला बायकोला फासावर चढवल्याचा विसर पडतो, त्याचंही आपल्याला काहीतरी वाटतं. म्हणजे लेखकाकडे माया भरपूर होती, वाटप तेवढं चुकलं.

बरं ७३ मिनिटांत सगळं कसं बसेल हे कारण नका सांगू. घोड्याच्या त्या एका शॉटमध्ये बसलं होतंच की.

---

आडवाटेचा_उतारू

@तिखटमीठ, इंडियन्सबद्दल शंभर टक्के सहमत, तिथे हा सिनेमा त्या काळातल्या कुठल्याही सिनेमाइतकाच आंधळा आहे आणि त्याला मी पांघरूण घालणार नाही.

बाईबद्दल अर्धा सहमत. पण बूनला जी माया दिलीय तीच तर या सिनेमाची खरी मिळकत आहे असं मला वाटतं. बून म्हणजे पर्नेल रॉबर्ट्स, त्याच वर्षी तो पुढे 'बोनान्झा' या टीव्ही मालिकेत गेला आणि घरोघरी पोचला. आणि व्हिट म्हणजे जेम्स कोबर्न, त्याचा हा पहिलाच सिनेमा, लांबुडका, हाडकुळा, थोडा बुद्दू. एका सीनमध्ये बून त्याला सांगतो की माफी मिळाली की आपण गुरं पाळू. व्हिटला वाटत असतं की आपण याच्याकडे नोकर म्हणून राहणार. बून म्हणतो नोकर नाही, निम्मा भागीदार. व्हिट विचारतो का? तर म्हणतो कारण तू मला आवडतोस. आणि कोबर्नचा चेहरा! इतकी वर्षं बरोबर फिरतोय आणि हे त्याला माहीतच नव्हतं, आणि तो ते बोलूनही दाखवतो, मला माहीत नव्हतं म्हणून. आपल्याकडे दोस्तीवर अख्खी गाणी लिहितात त्यात हे एवढं येत नाही.

आणि शेवटी हाच बून ब्रिगेडच्या समोर उभा राहतो. त्याला ब्रिगेड आवडतो, पण बिली हवा असेल तर याला मारावंच लागणार, हे तो आधीच सांगून बसलाय. आपण पण तयारीत, की आता गोळी सुटणार. आणि ब्रिगेड म्हणतो घेऊन जा. सरळ देऊन टाकतो बिलीला. त्याचं काम झालंय, त्याला आता इनाम नको, कैदी नको. तासभर ताणून धरलेला दोर असा सैल सोडायला हिंमत लागते. दुसरा कोणी असता तर शेवटची मारामारी घातलीच असती.

---

आठवा_गडी

अहो पण असे सिनेमे तेव्हा पोत्याने निघायचे ना? त्यातला हाच का?

---

आडवाटेचा_उतारू

पोत्यानेच. पण १९५९ पर्यंत पोतं रिकामं व्हायला आलं होतं. पूर्वी एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायचे, मोठ्याच्या जोडीला एक छोटा, तो छोटा म्हणजे हे असले. १९४८ च्या अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या निकालाने स्टुडिओंना आपली थेटरं विकावी लागली आणि थेटरवाल्यांच्या गळ्यात एकगठ्ठा सिनेमे मारायची सोय गेली. वर टीव्ही. १९५९ मध्ये अमेरिकन टीव्हीवर संध्याकाळच्या वेळेत पंचवीसच्या वर काउबॉय मालिका चालू होत्या, फुकटात घरी बसून मिळतंय तर थेटरात कोण जाणार. त्यामुळे टीव्हीवर जे दिसू शकत नाही तेवढंच द्यायचं, रंग आणि रुंद पडदा. निर्माता हॅरी जो ब्राउन आणि स्कॉट यांची भागीदारी होती, दोघांच्या नावांची अक्षरं जोडून कंपनीचं नाव रॅनॉन. स्कॉट तेव्हा साठीचा, पैसेवाला, इन्व्हेस्टमेंट वगैरे करून गडगंज, त्याला कोणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. तो चेहरा बघ ना. बाभळीच्या खोडासारखा. त्याच्यावर भाव दाखवायची गरजच नाही, उन्हाने जे केलंय तेवढं पुरे. पुढच्या दोनतीन वर्षांत तो रिटायर पण झाला.

बेटिकर स्वतः तरुणपणी मेक्सिकोत जाऊन बैलांशी झुंज शिकून आलेला माणूस, सिनेमात शिरला तोच १९४१ च्या एका सिनेमाला बैलझुंजीतलं तंत्र शिकवायला. मला नेहमी वाटतं की त्याचे हे सिनेमे तसेच आहेत, एक रिंगण, दोघं समोरासमोर, कोण आधी हलतो. हे माझं आपलं, कुठे वाचलेलं नाही.

---

सॅन_होजेकर

उशिरा आलो धाग्यावर. मी ती जागा पाहिलीय!

आम्ही गेल्या थँक्सगिव्हिंगला ३९५ नंबरच्या हायवेने चाललो होतो, मुलगी मागे झोपलेली, बायको म्हणाली कुठेतरी थांबू. तर लोन पाइन नावाचं छोटं गाव, लॉस एंजेलिसपासून उत्तरेला साडेतीन तास. गावाच्या पश्चिमेला पाचसात मिनिटं गेलं की अलाबामा हिल्स. टेकड्या म्हणजे काय, गोल गोल दगडांचे ढीग, पिवळट तांबूस, एकावर एक ठेवल्यासारखे. हंपी पाहिलं असेल तर लगेच कळेल, तसाच ग्रॅनाइट, तसाच झिजून गोल झालेला. मी बायकोला म्हटलं पण, रामनगरला गब्बर बसायचा ते दगड पण याच जातीचे. फक्त इथे मागे सिएरा नेवाडाची भिंत उभी, त्यात माउंट व्हिटनी, ४४२१ मीटर, बर्फ असलेला. पुढे वाळवंट, मागे बर्फ, मध्ये हे दगड. कॅमेरा कुठेही ठेवा, फ्रेम तयार. स्वस्तात सिनेमा काढायचा तर याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. आत एक कच्चा रस्ता आहे त्याचं नावच मूव्ही रोड.

गंमत म्हणजे हेच दगड 'गंगा दिन'मध्ये १९३९ साली आपल्या वायव्य सरहद्दीचे डोंगर म्हणून उभे राहिले, आणि २००८ मध्ये 'आयर्न मॅन'मध्ये अफगाणिस्तान म्हणून. एवढे रोल तर आपल्याकडे फक्त फिल्मसिटीच्या देवळाने केले असतील.

गावात वेस्टर्न सिनेमांचं म्युझियम आहे, मुलीला कंटाळा आला पण मी रेंगाळलो. नंतर गाडीत बसलो तर उत्तरेला दहा मैलांवर मांझानार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या जपानी लोकांना, त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिकच, तिथे कोंडून ठेवलं होतं, दहा हजारांच्या वर माणसं. तोच डोंगर मागे. म्हणजे पडद्यावर मोकळं रान म्हणून जे दाखवलं त्याच खोऱ्यात खऱ्या माणसांना तारेच्या कुंपणात. आणि खोऱ्यातलं पाणी १९१३ पासून कालव्याने लॉस एंजेलिसला नेलं त्यामुळे खालचा तलाव कोरडा पडला. @तिखटमीठ तुमचा प्रतिसाद वाचून हे आठवलं, तिथे मूळचे पायूट लोक, त्यांच्याबद्दल पण पाटी वाचली. सिनेमात यातलं काही नाही अर्थातच.

जाळलेलं झाड मी विचारलं म्युझियममधल्या आजोबांना. हसले फक्त.

---

तिखटमीठ

@सॅन_होजेकर मांझानारबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. वेगळा धागा काढा ना त्यावर.

---

रिकामा_डबा

मंडळी, अपडेट देतो. काल रविवार होता म्हणून सकाळी साडेदहालाच लावला, बाबांचा हट्ट. खोलीचे पडदे ओढले, मध्यंतराला सामोसा पाहिजे म्हणाले, मध्यंतर नाहीये म्हटलं तर मी पॉज कर म्हणाले. केला.

पहिल्या दहा मिनिटांत म्हणाले हाच. खात्री कशावरून विचारलं तर त्या उंच माणसाकडे बोट दाखवलं, हा कधी हसत नाही बघ. मग बराच वेळ गप्प. मी आपला त्यांच्याकडेच बघत होतो, उतारू म्हणाला ते हळू चालण्याचं त्यांना कळतंय का म्हणून. तर बून म्हणायच्या आधीच म्हणाले, "हा मुद्दाम थांबतोय रे, सकाळपासून तिसरी कॉफी." मी दोनदा पाहून मला कळलं नव्हतं.

घोडा ओळखते त्या सीनला तिखटमीठ तुमची आठवण आली, बाबांना सांगितलं तुम्ही काय लिहिलंय ते, तर म्हणाले बाईचं बरोबर आहे. (तुमचं.)

मग झाड आलं. वाळकं, क्रॉससारखं, माळावर एकटं. फ्रँक मेला, बून बिलीला घेऊन गेला, ती बाई पण त्यांच्याबरोबर गेली, आणि हा एकटा मागे. झाड पेटलं. बाबा म्हणाले आता जातो बघ. कॅमेरा वर उचलायला लागला, धूर वर चाललाय, त्याच्याबरोबर आपण पण वर, आणि तो खाली तसाच.

बाबा सोफ्यावरून पुढे सरकले. "अरे, हा तर इथेच उभाय."

संपल्यावर मी ऑपरेटर काकांचं वाचून दाखवलं, जोड, कात्री, डोअरकीपर सगळं. ऐकून घेतलं. म्हणाले नाही, दार आमच्याच बाजूला होतं आणि उजेड आला हे खरंय, पण आम्ही उठलो होतो कारण सायकल स्टँडवाला बाराला कुलूप लावायचा. मग म्हणाले शेवट परत लाव. तीनदा लावला. तिसऱ्यांदा आवाज बंद करायला सांगितला.

आता म्हणतायत दुसरा एक होता त्यात विहिरीत माणसं टाकतात, तो शोध.

---

आडवाटेचा_उतारू

तो पण बेटिकरचाच! 'द टॉल टी', १९५७. एल्मोर लेनर्डच्या गोष्टीवरचा. शोधू नकोस, मी व्यक्तिगत निरोप करतो.